बालकाचा मान, बालकाचे बळ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांच्या सहवासात गेली. त्या अनुभवावरून आम्ही निश्चयाने सांगतो की, पहिल्या पाच-सहा वर्षांत ज्या बालकास मान मिळतो, ते पुढे संकटातही सहसा खचत नाही.

मान म्हणजे लाड नव्हेत. मुलाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, चारचौघांत त्याची फजिती न करणे, जे काम त्यास जमते ते त्यास करू देणे आणि दिलेला शब्द पाळणे, हाच तो मान होय.

याचा वस्तुपाठ आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात घडला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत, म्हणून त्यांनी आईबापांस दूषणे दिली नाहीत. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांच्या परिचयाचे शंख-शिंपले, पाने आणि बिया हीच तेथली साधने ठरली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतून 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोहोचले.

आता आपल्या गावांकडे वळू. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील कितीतरी आईबाप पहाटेची लोकल गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मूल दिवसभर पाळणाघरात किंवा आजीपाशी असते. वेळ थोडा असतो, हे आम्ही जाणतो. तरी परतल्यावर अर्धा तास तरी फोन बाजूस ठेवून मुलाचे ऐकावे.

हे ऐकणे किती मोलाचे आहे, ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दिसले. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. घरच्यांनी त्यांचे बोलणे खरे मानले, म्हणूनच तो उजेडात आला. ज्या मुलास "गप्प बस" एवढेच ऐकण्याची सवय लागते, ते अशा वेळी कोणाजवळ बोलणार?

म्हणून पाळणाघर निवडताना भिंतीवरील चित्रे पाहून भुलू नका. तेथील बाई मुलाशी कशा बोलतात, बागुलबुवाचा धाक घालतात की त्याच्याजवळ बसून समजावतात, ते पाहा.

थोरांचा मान राखण्याची रीत आपल्या घरांत आहेच. ती धाकट्यांपर्यंत पोहोचावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.