बोटीची सहल: जास्त बंदरं की जास्त समुद्र?

आम्ही औंढ्याच्या बायका बोलतोय. आजचा विषय ऐकून कदाचित हसाल. आमच्या गटानं बोटीनं सहलीला जायचं ठरवलंय. लाँच नव्हे, होडी नव्हे, चांगली अकरा मजल्यांची बोट, जिला क्रूझ म्हणतात. जायचं हे एका बैठकीत ठरलं. पण कुठल्या फेरीला जायचं, यावर चार बैठका झाल्या. जी फेरी बंदरं जास्त दाखवते तिला, की जी दिवसभर नुसती समुद्रातच असते तिला?

आधी पैशाचं सांगतो, कारण तुमच्या मनात पहिला प्रश्न तोच आला असेल. गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावलेला नाही. सहलीची भिशी वेगळी, तिची वही वेगळी. तीन वर्षं दर महिन्याला थोडे थोडे जमवलेत. कुणी इंद्रायणी तांदूळ विकून, कुणी लोणावळ्याच्या बंगल्यांवर झाडूपोछा आणि स्वयंपाक करून, कुणी शनिवार-रविवारी रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजून. म्हणजे निवड फसली तर पुढची सहल आणखी तीन वर्षांनी. आमच्यातल्या दोघी-तिघींना तर 'पुढच्या वेळी' असं म्हणण्याचं वयही राहिलेलं नाही. म्हणून इतका काथ्याकूट.

आता मुंबईहून काय मिळतं ते बघा. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' नावाची बोट मुंबईहून सुटायला लागली. त्याआधी २०१८ साली भाऊच्या धक्क्यावरून 'आंग्रिया' नावाची बोट रातोरात गोव्याला जायची, ती पुढे बंद पडली. या मोठ्या बोटीच्या फेऱ्या ढोबळमानानं तीन तऱ्हेच्या. एक, संध्याकाळी निघायचं, समुद्रातच फिरायचं आणि तिसऱ्या दिवशी परत मुंबई. दुसरी गोव्याची. तिसरी त्याहून लांबची, लक्षद्वीपकडे जाणारी, तिच्यात मधले दिवस पाण्यावरच जातात. कुठली फेरी कधी, हे दर हंगामात बदलतं, भावही बदलतो, त्यामुळे आकडे आम्ही सांगत नाही.

गोव्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. पैसे मोजलेत तर काहीतरी बघून यायला पाहिजे. आमच्या एका काकूंनी तर एका वाक्यात बैठक जिंकली होती. त्या म्हणाल्या, "नुसतं पाणीच बघायचं तर आपलं पवना धरण काय वाईट आहे? तिथं तिकीटपण नाही."

सगळ्या हसल्या. हात वर करायची वेळ आली होती. तेव्हा आमच्यातलीच एक सून, जी लोणावळ्यात एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करते, ती म्हणाली, काकू, जरा तास मोजूया का?

तास मोजले. समजा बोट सकाळी मुरगावला लागली. हजार-दीड हजार माणसं उतरणार, म्हणजे रांग. वयस्कर बायका आणि पिशव्या सांभाळत आपला गट बाहेर पडेपर्यंत तास गेला. मुरगावपासून पणजी तीसेक किलोमीटर, गाडी ठरवायची, भावावरून घासाघीस करायची. एक देऊळ, एक चर्च, एक किनारा. जेवण बाहेर घ्यावं तर खर्च, बोटीवरचं घ्यावं तर दुपारीच परत फिरायला हवं. शिवाय सुटायच्या बऱ्याच आधी बोटीवर हजर व्हावं लागतं. बोट कुणासाठी थांबत नाही, ही एसटी नव्हे की कंडक्टरला हाक मारली आणि झालं. हिशेब करता करता हातात राहिले चारएक तास, तेही घड्याळाकडे बघत.

आणि मग ती सून जे बोलली ते आमच्या मनात रुतून बसलं. म्हणाली, अशी सहल आपण रोज बघतो की. आपल्याकडे येणारे लोक तेच करतात. मुंबई-पुण्याहून सकाळी निघतात, भुशी धरण, टायगर पॉइंट, कार्ला, जमलं तर लोहगड, जाताना चिक्की. सगळं एका दिवसात. निम्मा दिवस गाडीत, ट्रॅफिकमध्ये. पोरं रडकुंडीला आलेली, बायको डबे सांभाळतेय, नवरा हॉर्न वाजवतोय. संध्याकाळी विचारा काय बघितलं, तर पॉइंटांची नावं धडाधड सांगतील. दुसरीकडे काही लोक येतात आणि बंगल्याच्या ओट्यावर दोन दिवस नुसते बसतात. पाऊस बघतात, चहा पितात, झोपतात. त्यांच्यासाठी चहा आपणच करतो. खरं सांगा, त्यातलं कोण सुट्टी घेऊन गेलं असं आपल्याला वाटतं?

मैत्रिणींनो, दुसऱ्यांच्या सुट्टीची सोय करण्यात आपल्या भागातल्या बायकांचं आयुष्य चाललंय. सुट्टी कशी असते हे आपण बाहेरून पुष्कळ बघितलंय. त्यामुळे एवढं आम्हाला कळतं, की जागा मोजून सुट्टी मोजता येत नाही.

समुद्रातला दिवस म्हणजे काय, हे मग आम्ही नीट विचारून घेतलं. बोट चालत असते, बाहेर उतरायला काही नसतं. सकाळचा नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण तिकिटातच असतं. शाकाहारी वेगळं मिळतं. भांडी कुणीतरी घासतं. पाणी भरायचं नाही, म्हशीची धार काढायची नाही, "भाजी काय करू?" हे कुणाला विचारायचं नाही आणि कुणी आपल्याला विचारणार नाही. किनारा सुटला की थोड्या वेळानं फोनची रेंजही जाते. हे ऐकून दोघी घाबरल्या, पोरांचं काय? बाकीच्या जरा वेळ गप्प होत्या. मग एक वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे गॅसचं रेग्युलेटर बंद केलंय का विचारायलाही फोन येणार नाही?" येणार नाही म्हटल्यावर त्यांनी तिथंच मत बदललं.

भीतीचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. आमच्यातल्या एका आजींनी 'रामदास' बोटीची आठवण काढली. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ वादळात बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत अजूनही ती अमावास्या विसरलेले नाहीत. आजींचा प्रश्न रास्त होता. पण ती लहान बोट होती, आणि भर पावसाळ्यातला समुद्र होता. आज भर पावसाळ्यात या मोठ्या बोटी आपल्या किनाऱ्यावरून फिरत नाहीत, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात बंद असतात, मासेमारीलाही जून-जुलैत बंदी असते. आपल्या मावळच्या बायकांना तर हे सोयीचंच आहे. जून-जुलैत आपण लावणीच्या चिखलात असतो, दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी. भात घरात आलं की डिसेंबर ते फेब्रुवारी हात मोकळा, आणि समुद्रही बराच शांत.

दुसरी भीती बोट लागण्याची. आपल्यातल्या कितीजणींना तर राजमाचीच्या वळणावर गाडी लागते. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय. या दोघांचं जुळलं नाही की मळमळतं. म्हणून खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागायची, तिथं हेलकावा कमी. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त पडते, पण मळमळायला लागलं तर तिथं पडून राहू नये, वर डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघावं. पोट रिकामंही नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलंही नको. आल्याची वडी जवळ ठेवावी. गोळी घ्यायची तर ती बोट हलायच्या आधी घ्यावी लागते, आणि बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. जिला बोट हमखास लागते तिच्यासाठी मात्र समुद्रातला लांब दिवस म्हणजे शिक्षा. तिला बंदरांची फेरीच बरी, जमिनीला पाय लागतो तेवढा वेळ तरी सुटका.

बंदरांचं कौतुक आपल्या लोकांना जुनं आहे. कोकण रेल्वे यायच्या कितीतरी आधी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी वाटेत हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा थांबत थांबत जायच्या. पण ती सहल नव्हती, ते घरी जाणं होतं. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायची नाही, लांब उभी राहायची. मग पडावात उतरायचं, तान्हं मूल एकीकडून दुसरीकडे हातोहात द्यायचं, ट्रंक खाली सोडायची.

हे सांगायचं कारण असं, की लक्षद्वीपला आजही तसंच आहे. बेटांभोवती प्रवाळाचे उथळ खडक, म्हणून मोठी बोट बाहेर उभी राहते आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. लाटा जास्त असल्या तर उतरवतच नाहीत. गुडघे दुखणाऱ्या बाईला हलत्या होडीत पाय टाकणं सोपं नाही. जाहिरातीत हे दिसत नाही, तिथं निळं पाणी दिसतं. बुकिंग करणाऱ्याला सरळ विचारा: बोट धक्क्याला लागते की बाहेर उभी राहते? लक्षद्वीपला जायला परवानाही लागतो, तो कोण काढणार, हेही त्याच दमात विचारा.

आपल्या लोणावळ्यात नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, बोटींच्या इंजिनांचं शिक्षण देणारं. समुद्रापासून इतक्या वर, डोंगरात. त्या फाटकावरून आपण कितीदा जातो. त्याच नौदलातल्या लोकांनीही हा थांबायचं की न थांबायचं हा प्रश्न दोन्ही तऱ्हेनं सोडवलाय. कॅप्टन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, वाटेत चार बंदरं घेत. असं करणारे ते पहिले भारतीय. मग नोव्हेंबर २०१२ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून मुंबईहून निघाले आणि पाच महिने कुठेही न थांबता परत आले. आणि २०१७-१८ मध्ये सहाजणी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली, 'तारिणी'तून जगाला फेरी मारून आल्या. त्यांनी बंदरं घेतली, आणि एक तर नाइलाजानं घ्यावं लागलं: सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून मॉरिशसला थांबल्या. दोंदे थांबत गेले म्हणून कुणी त्यांना कमी लेखत नाही. होडी कशी आहे, माणूस कोण आहे आणि जायचं कशासाठी, त्यावर ते ठरतं.

पैसे भरायच्या आधीच्या दोन-चार गोष्टी सांगून टाकतो. खोलीच्या भावात जीएसटी आणि बंदराचा आकार धरलाय का, ते लेखी घ्या. बंदरावर उतरून फिरायचा खर्च बहुतेक वेळा वेगळा असतो, थंड पेयांपासून इंटरनेटपर्यंतचाही. एका खोलीत चौघी राहिल्या तर डोक्यामागे खर्च उतरतो, पण वरच्या फळीवर शिडीनं कोण चढणार हे घरीच ठरवा. आधार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच हवं, आपल्याकडे माहेरचं-सासरचं नाव यात फार घोळ असतो. फेरी रद्द केली तर किती पैसे परत, हे विचारायला लाजू नका. जायला अवघड नाही: लोणावळ्याहून गाडीनं सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर जवळच.

आमचं काय ठरलं? आधी जानेवारीत एक दिवसाची चाचणी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० पासून चालते, तासाभराचा रस्ता. त्यात सगळ्याजणी बसणार, अलिबाग बघणार, संध्याकाळी परत. कुणाला बोट लागते आणि कुणाला नाही, हे स्वस्तात कळेल. मग मतदान. चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुणाला कुणाची भीड नको. सध्याचा कल समुद्रात जास्त वेळ असलेल्या फेरीकडे आहे, एकोणीसपैकी बाराजणींचा. पवना धरणवाल्या काकू अजून गोव्यावरच अडून आहेत, आणि त्यांचंही खोटं नाही. त्यांचं लग्न झाल्यापासून त्या आळंदी-देहूपलीकडे गेलेल्या नाहीत. नुसतं बसून राहण्यापेक्षा त्यांना नवी जागा बघायचीय. जेजुरीला जाऊ म्हणून राहिलं ते राहिलंच, असं त्या म्हणतात.

तेव्हा आम्ही हेही ठरवलंय, की गट फुटला तरी चालेल. बाराजणी एका फेरीला, सातजणी दुसऱ्या, भिशी एकच. एकच अट घातलीय: ज्या घरी राहतील त्यांनी जाणाऱ्यांच्या म्हशींची धार काढायची, आणि पुढच्या फेरीला उलट.