जपलेल्या कागदांचे मोल



१९३३ साली कमला भागवत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या. केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला; त्यांच्या निर्धारापुढे अखेर अटींवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या कमला सोहोनी त्या ह्याच! नकाराची ही कथा पुढे त्यांनीच सांगितली, म्हणून उरली.

बेंगळुरूच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने २०१९ मध्ये अभिलेखागार उघडले. शास्त्रज्ञांची पत्रे, टिपणे तेथे अभ्यासकांसाठी जपली जातात. गुणवत्तायादी कोठेही सापडते; धडपडीची नोंद मात्र जपावी लागते. हीरकमहोत्सवी शाळेचा असा इतिहास घरोघरीच्या पेट्यांत आहे. जुनी प्रगतिपुस्तके, पत्रे, छायाचित्रे रद्दीत जाण्यापूर्वी शाळेकडे सोपवावीत.