कौदी वाचणारी माणसे



हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत 'गोधडी' हा शब्द पुस्तकात भेटतो; तोंडात असतो तो 'कौदी'. मूळचा कन्नड शब्द येथील मराठीत इतका मुरला आहे की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूस सरकावे, तर तीच वस्तू 'वाकळ' होते. ज्या धारवाडात बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि काव्याची भाषा कन्नड होती, जेथे जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या कथा लिहिल्या, त्या गावात शब्दांच्या विणीविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले. सुईच्या टाक्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः अक्षरओळख नसलेल्या कित्येक स्त्रियांनी घराचा जो वृत्तान्त मागे ठेवला, तो याच टाक्यांत आहे.

कौदीची कृती सांगायला सोपी आणि करायला चिवट. मृगापूर्वीच्या कोरड्या, रिकाम्या दिवसांत झिजून मऊ झालेली सुती लुगडी व धोतरे धुऊन, कडक उन्हात वाळवून काढायची. काठ फाडून बाजूला ठेवायचे, कारण तेच पुढे कौदीच्या कडेला लागतात. अंगणात किंवा गच्चीवर एक लुगडे ताणून पसरायचे, वाऱ्याने हलू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा किंवा दगड ठेवायचे आणि त्यावर थर मांडत जायचे. कापड कात्रीने कापण्यापेक्षा धाग्याला धरून हाताने फाडलेले बरे. त्याची कड सरळ येते. मग समोरासमोर दोघी बसतात आणि धावदोऱ्याच्या ओळी घालू लागतात. दोन ओळींत बोटभर अंतर, कधी त्याहूनही कमी. टाका सैल पडला तर पहिल्याच धुण्यात आतले थर गोळा होतात. फार ओढला तर कापड चुण्या धरते. घरच्या बायकांना सवड नसेल तर दारोदार फिरून मजुरीवर कौदी शिवून देणाऱ्या स्त्रियाही या भागात असत. त्यांचा टाका घरच्या टाक्यापेक्षा बहुधा अधिक नेटका. परंतु कोणते कापड कोठे घालायचे, हे मात्र घरधनीणच सांगे.

आणि खरी गोष्ट आहे ती येथेच. नुसत्या दोन लुगड्यांची साधी कौदी असते, चौकोनी ठिगळे जोडून केलेली असते, आणि वरून फूल, चांदणी किंवा तुळशीवृंदावन कातरून बसवलेली हौशी कौदीही असते. प्रकार कोणताही असो, तिचे कापड या परिसराचेच असते. इरकली लुगड्याचा तांबडा-पांढरा टोपपदर, गुळेदगुड्डच्या खणाचा उरलेला कोपरा, खादीच्या धोतराचा जाडाभरडा तुकडा. हुबळीत रेल्वेचा मोठा कारखाना आहे. तेथे काम करणाऱ्याच्या घरी कौदीत खाकी किंवा निळा कपडा यायचाच. परक्या माणसास हे रंग दिसतात. घरच्या म्हातारीस मात्र त्यांत माणसे दिसतात. हा तुकडा थोरल्या जावेच्या डोहाळजेवणातल्या लुगड्याचा, ही पट्टी मामंजींच्या सदऱ्याची, हे हिरवे ठिगळ सासरी गेल्यावर पुन्हा न आलेल्या नणंदेचे. अशी ती बोट ठेवत ठेवत सांगत जाते, आणि नातवंडे ऐकता ऐकता झोपी जातात.

नव्या बाळास नवे कापड न घालता आजीच्या लुगड्याचे दुपटे घालण्याची रीत याच भावनेतली. मऊपणा हे तिचे उघड कारण. त्यापलीकडचे कारण कोणी बोलून दाखवीत नाही. काही घरांत कौदी पुरी होताना शेवटचा कोपरा शिवण्यापूर्वी आत भाकरीचा किंवा पोळीचा लहानसा तुकडा ठेवतात. कौदीचे पोट रिकामे राहू नये, म्हणजे ती पांघरणाऱ्याचेही राहणार नाही, अशी समजूत.

धारवाडहून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात गेले की हीच कला निराळ्या हातांत भेटते. आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या पूर्वजांचे वंशज असलेले सिद्दी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत आणि त्यांची बोली कोकणीला जवळची आहे. सिद्दी स्त्रियांच्या गोधडीला 'कवंदी' म्हणतात. ती कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने फिरत आत सरकते आणि मध्यभागी संपते. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची छोटी 'फुले' बसवतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. ख्रिस्ती घरात एखादा क्रूस, मुसलमान घरात चंद्रकोर तिच्यावर उमटते. अलीकडच्या काळात या कवंद्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कमध्येही झाले. हल्याळच्या बाजारात मराठी, कन्नड आणि सिद्दी बायका शेजारी शेजारी उभ्या राहून खरेदी करतात. त्यांच्या घरांत एकाच जातीचे काम चालते, हे त्यांपैकी कितीजणींच्या ध्यानात असेल, कोण जाणे.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. कौदीचे गोडवे गाणारे बहुतेक लोक आता दुलई पांघरतात. कौदी ही हौसेपेक्षा गरजेतून जन्मली. फाटले म्हणून जोडले, थंडी होती म्हणून थर वाढवले. भिजलेली कौदी तळ्याच्या दगडावर आपटून धुणे हे कंबर मोडणारे काम होते, आणि ते कोणाच्या वाट्याला येई हे सांगायला नको. नायलॉन आणि टेरिलीन घरात आले, गिरण्यांचे सुती लुगडे मागे पडले, तेव्हा कित्येक बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. त्या गुळगुळीत कापडावर सुई घसरते, घाम टिपला जात नाही, थर एकमेकांना धरीत नाहीत. कौदी बंद पडली त्याचे अर्धे कारण या कापडात आहे आणि अर्धे बाजारातील स्वस्त ब्लँकेटात.

स्मृतीसाठी गोधडी शिवणे ही मात्र केवळ आपलीच रीत नव्हे. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज् बेंड या कृष्णवर्णीयांच्या खेड्यात मिझुरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. विटलेली, शेतात झिजलेली ती वस्त्रे. पुढे २००२ पासून त्या खेड्यातील गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर टांगल्या गेल्या. परंतु त्या एका गोधडीची हकीकत जगाला कळली ती लेकीने सांगितली म्हणून. दुसरे उदाहरण ११ ऑक्टोबर १९८७ चे. एड्सने मेलेल्यांची नावे उच्चारायलाही जेव्हा लोक कचरत होते, तेव्हा वॉशिंग्टनच्या हिरवळीवर १,९२० कापडी फलक अंथरण्यात आले. प्रत्येक फलक सहा फूट लांब, तीन फूट रुंद, म्हणजे एका थडग्याएवढा. आणि प्रत्येकावर शिवलेली नावे. त्या गोधडीचे सारे बळ या नावांत होते.

आपल्या कौदीत नाव नसते. वाटण्या होताना भांडी मोजली जातात, दागिने तोलले जातात, कौदी कोणी मोजत नाही. ती प्रथम माजघरातून पडवीत जाते, पडवीतून गाडीत, गाडीतून गोठ्यात. तेथे धान्यावर झाकण म्हणून पडते आणि अखेर भुई पुसण्याच्या कामी येते. तिचे झिजणे स्वाभाविक आहे. पांघरण्याची वस्तू काचेच्या कपाटात ठेवून काय मिळणार? परंतु ती झिजण्यापूर्वीच तिची वाचणारी म्हातारी निघून जाते, आणि मग घरात उरते ते नुसते रंगीत ओझे. ग्रंथाचे पान फाटले तर दुसरी प्रत शोधता येते. येथे प्रत एकच, आणि तिची लिपी जाणणारी व्यक्तीही एकच.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी कौदी आणि ती सांगणारी आजी, दोन्ही अजून आहेत, त्यांनी एखादी दुपार काढून तिच्याशेजारी वही घेऊन बसावे. ती सांगेल त्या क्रमाने ठिगळे लिहून घ्यावीत. एखादे आठवेनासे झाले तर जागा मोकळी सोडावी, दोन दिवसांनी ते तिला आपसूक आठवते. वही हरवण्याची भीती वाटत असेल, तर जुन्या धोतराच्या पट्टीवर नावे घालून ती कौदीच्या आतल्या बाजूस टाचावी. शाईने लिहू नये, पहिल्या धुण्यात ती उतरते. दोऱ्यानेच घालावीत. धारवाडात कसुती येणारे हात अजून आहेत, आणि कसुतीतला गवंतीचा टाका गाठीवाचून दोन्ही बाजूंनी सारखाच उमटतो. मागून पाहताना अक्षरे उलटी दिसतील, एवढेच.