चांदणीची सहावी पाकळी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नववीत शिवणाच्या तासाला बाईंनी आम्हा मुलींना क्रोशाने चांदणी विणायला लावली. क्रोशे म्हणजे फ्रेंचमध्ये लहान आकडा, हेही त्यांनीच सांगितलं. माझी चांदणी झाली, पण भाजलेल्या पापडासारखी वाकडी. मी रडवेली. बाई म्हणाल्या, "अगं, विणलं म्हणजे निम्मंच झालं. अजून ताणायची आहे ती."

चांदणी धुवायची, पण पिळायची नाही, पंच्यात दाबायची. साबुदाण्याची पातळ खळ गाळून तीत बुडवायची. पाटावर जाड कापड घालून आधी मध्य टाचायचा, मग समोरासमोरची टोकं सारखी ताणायची. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. जामखेडच्या उन्हाळ्यात सावलीतही लवकर वाळते. मी मात्र घरी साखरेचा पाक लावला. कडक झाली, पण रात्रीत मुंग्या!

माझ्या बाकावरची आपली मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या लेकीने मला एक डबा दिला. आत पाच पाकळ्यांवर थांबलेली चांदणी होती. सहावी मी विणली. तिचा हात सैल, माझा घट्ट. पाकळी आखूड आली. ओली करून ताणली, तेव्हा कुठे ओळीत बसली. नीट पाहिलं तर अजून ओळखू येते. येऊ दे.

ती चांदणी आज बाईंसाठी आणली आहे. बाई, खळ साबुदाण्याचीच आहे. धुतली की निघेल, पुन्हा घालावी लागेल. त्या निमित्ताने मी येत जाईन.