चहाचा कप आणि चवदार तळे

आमच्या चितेगावात पैठण रस्त्यावर चहाला बसलो की मला महाड आठवते. तिथल्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तिथे पाणी प्यायले. कोर्टात तो हक्क शाबीत व्हायला १९३७ उजाडले.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या काउंटरवर कॉफी मागून बसून राहिले. रोज नवे विद्यार्थी येत गेले. सहा महिन्यांत काउंटर खुले झाले.

आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहे आणि तळी शेजारी-शेजारीच आहेत. तरीही कुणासाठी वेगळा कप दिसला, तर आपला कप खाली ठेवा आणि जाब विचारा.