रकाना मागावा तो हेतू पाहून



आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते मुकादमांच्या वह्या वाचून. तेव्हा आम्ही संगणकावर बोलायला उभे राहिलो याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय वहीचाच आहे. वही विजेवर चालते, एवढाच फरक.

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागांतून आपली माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. रकाने कोणते? नवऱ्याचे नाव, उचल, खाडे. बायको फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते. पण तिच्या नावाला रकानाच नाही. जो रकाना वहीत नाही, तो कितीही शहाण्याने मागितला तरी मिळत नाही. ही पहिली गोष्ट.

दुसरी तिच्या उलट आहे. संगणकातल्या तक्त्याला प्रश्न विचारण्याची एक भाषा आहे. आयबीएम कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी 1974 साली ती मांडली. आज तिला एसक्यूएल म्हणतात. 'सिलेक्ट' म्हणून हवे ते रकाने सांगायचे, मग 'फ्रॉम' म्हणून तक्त्याचे नाव. रकाने लिहिण्याचा कंटाळा आला, तर त्यांच्या जागी नुसती चांदणी टाकली की सगळेच रकाने हजर! यंत्राला नको असलेले ओझे वाहावे लागते, उत्तर उशिरा येते, हे तर झालेच. पण खरा घात निराळा आहे. चांदणी म्हणजे आज असलेले रकाने, आणि उद्या कोणी वाढवील तेही.

हा घात आमच्याच हातून झाला. संघटनेच्या सभासदांची यादी एका तरुण कार्यकर्त्याने संगणकावर घातली आणि गावसभेसाठी नावे काढायला चांदणी वापरली. तेव्हा रकाने चारच होते. कोणाचे काही बिघडले नाही. पुढे औषधोपचाराच्या मदतीसाठी आम्ही 'शस्त्रक्रिया' हा रकाना वाढवला. जुना प्रश्न तसाच राहिला. पुढच्या सभेत छापील यादी मोठ्याने वाचली जाऊ लागली, आणि एका बाईच्या नावापुढे तिच्या पिशवीचे ऑपरेशनही वाचले गेले. ती उठली आणि म्हणाली, "दादा, ह्ये म्या तुम्हाला सांगितलं व्हतं, गावाला न्हाई." आम्हांला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

काहीजण म्हणतील, मग आजाराची नोंदच कशाला? तसे नव्हे. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आपल्या जिल्ह्याची पाहणी आली. 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सहांत सुमारे एक. नोंद झाली नसती तर हे दुःख घराघरांत दडून राहिले असते. पण ध्यानात घ्या, हा आकडा महाराष्ट्राला हादरवायला एकाही बाईचे नाव लागले नाही. आकड्यासाठी मोजणी पुरते. उपचारासाठी नाव लागते, ते डॉक्टरपुरते. पैसे जमा करायला खाते क्रमांक लागतो, तिथे आजार लागत नाही. तक्ता एकच, हेतू बदलला की रकाने बदलले पाहिजेत. 2023 साली संसदेने केलेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, संमती घेतली तरी माहिती हेतूला आवश्यक तेवढीच, हे तत्त्व आहे.

आमच्या कचेरीत आता चांदणी बंद आहे. प्रत्येक यादीमागे रकाने नावानिशी लिहिले जातात. लिहिताना हात थांबतो आणि मन विचारते, 'हे कशाला हवे?' त्या एका क्षणाच्या थांबण्यात माणसाची अब्रू राखली जाते.

तेव्हा श्रोतेहो, उद्या कोणी आपल्यापुढे कोरा अर्ज ठेवला तर दोन प्रश्न विचारा: आमचा कोणता रकाना राहून गेला? आणि कोणता तुम्हांला नको असताना मागता आहात? बाईला कोयत्यातून बाहेर काढून तिचे नाव वहीत लिहायचे आहे. आणि तिचे दुःख चव्हाट्यावर जाऊ द्यायचे नाही. ही दोन्ही कामे आपलीच आहेत.