उहुरू, मुक्ता आणि आझाद

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे स्वाहिली भाषा बोलतात. तिच्यात एक शब्द आहे, उहुरू. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. तिकडच्या लोकांनी हा शब्द नाव म्हणून पुष्कळ ठिकाणी लावला. किलिमांजारो डोंगराच्या सर्वांत उंच शिखराचे नाव उहुरू. जर्मनांचे राज्य होते तेव्हा त्याला जर्मन बादशहाचे नाव होते. नैरोबी शहरात उहुरू बाग आहे. केनियाचे पुढारी जोमो केन्याटा यांनी 1961 साली जन्मलेल्या मुलाचे नावच उहुरू ठेवले. देश स्वतंत्र झाला 1963 साली. म्हणजे नाव आधी आणि स्वातंत्र्य मागाहून, बरं का! तो मुलगा 2013 साली देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? मुक्ता म्हणजे मोकळी झालेली. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई. दुसरी एक मुक्ता साळवे. ती मांग समाजाची, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली. वय चौदाच्या आसपास. 1855 साली तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ पत्राने तो छापला. हे पत्र 1842 साली आपल्या नगरलाच सुरू झाले होते. त्या काळी तिच्या जातीला समाजात मोकळेपणाने वावरता येत नसे. नाव मात्र मुक्ता.

आता नगरच्या किल्ल्यात चला. 1942 च्या ऑगस्टात इंग्रज सरकारने काँग्रेसचे बारा पुढारी तिथे आणून कोंडले. नेहरू होते, पटेल होते. त्यांत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद. ‘आझाद’ हे आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. लिहिताना त्यांनी स्वतः घेतलेले. आझाद म्हणजे स्वतंत्र. आणि हा आझाद अडीच वर्षांहून अधिक काळ आपल्या गावी कुलुपात! पहाटे उठावे, स्वतःच्या हाताने चहा करावा आणि मित्राला पत्रे लिहावीत. ती पत्रे टपालात पडणारच नव्हती. खोलीत चिमण्यांनी घरटी केली होती. आधी मौलानांनी त्यांना हाकलून पाहिले. शेवटी त्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या.

1943 साली कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम फार आजारी पडल्या. सरकारला काही सांगायचे आहे काय, असे त्यांना विचारण्यात आले. मौलाना म्हणाले, काही नाही. एप्रिलमध्ये बेगम गेल्या. शेवटची भेट झाली नाही. एक अर्ज केला असता तर, असे कुणाच्याही मनात येईल. आम्हांला वाटते, अर्ज केला असता तर ते नाव त्यांना पुढे लावता आले नसते.

आज नगर स्टेशनावरून पुणे-हावडा आझाद हिंद एक्सप्रेस जाते. ते नाव नेताजींच्या 1943 सालच्या सरकारचे. गाडीत बसणारा नावाचा अर्थ कशाला पाहतो? त्याला जागा मिळाली म्हणजे झाले.

आणखी एक नाव आहे, ते कुणी आपण होऊन घेतले नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. पुढे तो कायदा आपल्याकडेही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. देश 1947 साली सुटला. ही माणसे सुटली 31 ऑगस्ट 1952 रोजी. तेव्हापासून त्यांना विमुक्त म्हणतात. विमुक्त म्हणजे सोडलेला. पण गावात चोरी झाली की लोक आधी पालाकडेच बोट दाखवतात. आणि विमुक्त असल्याचा दाखला मागायला गेले, तर 1961 च्या आधीपासून इथे राहत असल्याचा कागद आणा म्हणतात. आज इथे तर उद्या तिथे, अशा माणसाच्या पालात तेव्हाचा कागद कुठून निघायचा?